दगडाआधीचा आवाज

लियाकत सरांना दोरी चालत नसे. विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते बघायला कळसच्या माळावर सगळे दोरीला दगड बांधून सोडतात, दोरी कोरडी किती राहिली ते हातानं मोजतात आणि घरी जाऊन जेवतात. सर नुसता दगड सोडत. एका हातात दगड, दुसऱ्या हातात मोबाईलचं घड्याळ. दगड सुटला की अंगठा दाबायचा, खाली डुबुक वाजलं की पुन्हा दाबायचा. असे दहा दगड, मग सरासरी, मग सूत्र. एक पूर्णांक त्र्याहत्तर शतांश सेकंद म्हणजे पाणी पंचेचाळीस फुटांवर.

"सर, दोरी सोडा की," शेजारचा सिद्धू शेळ्या हाकता हाकता म्हणे. "दगडानं हीर बुजायची एक दिवस."

"दोरीला ताण बसतो, सिद्धू. दगड खोटं बोलत नाही."

तेहतीस वर्षं वालचंदनगरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. त्याच्याशी हुज्जत घालायला सिद्धूला वेळ नव्हता.

बायको मेहबूबबी गेल्यावर सर वडलांच्या जमिनीवर राहायला आले होते. जमीन दोन भावांत निम्मी निम्मी आणि विहीर एकच. एक आठवडा पाणी सरांचं, एक आठवडा धाकट्या मुजफ्फरचं, आणि बदल शनिवारी दुपारी बाराला. पाण्याच्या या पाळीचा नियम वडलांनीच घालून दिला होता: एकाची पाळी असताना दुसऱ्यानं विहिरीवर पाय ठेवायचा नाही.

आता सर दगड कशासाठी मोजत होते, तेही सांगितलं पाहिजे. विज्ञानाच्या प्रेमानं नव्हे. आपली पाळी सुरू होताना पाणी किती आहे ते बघायचं आणि भावानं किती उपसलं ते काढायचं, एवढ्यासाठी. चार वर्षांपूर्वी मुजफ्फरनं ठरलेली पाच अश्वशक्तीची मोटार काढून साडेसातची बसवली. सरांनी भावाला एका शब्दानं विचारलं नाही. अशाच दगडांच्या आकड्यांचा तक्ता करून वीज कार्यालयात अर्ज दिला. मोटार काढायला लागली, ती नेमकी डाळिंब फुलात असताना. निम्मी बाग वाळली. आयुष्यभर वडलांचं हगणंमुतणं काढलेल्या भावाला थोरल्यानं कागदावर पकडून दिलं, आणि पकडून देणाऱ्याला वाटत होतं की आपण सत्याच्या बाजूनं उभे आहोत. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. समोरासमोर आले की एक पश्चिमेकडं बघे, दुसरा पूर्वेकडं.

तर त्या शनिवारी सरांनी पाळी घेतली, दगड सोडले आणि सरासरी आली एक पूर्णांक सत्तावन्न.

म्हणजे पाणी आठ फूट वर चढलेलं. फेब्रुवारीत, माळावर चिंकारासुद्धा ओल शोधत फिरत असताना. सरांनी दगड बदलले, पुन्हा दहा सोडले. तेवढंच. सिद्धूनं न सांगता दोरी सोडून दाखवली, तर पाणी पंचेचाळीस फुटांवरच होतं.

"दगडाला इचारा," सिद्धू म्हणाला आणि हसत निघून गेला.

रविवारी एक पूर्णांक चाळीस. सोमवारी एक पूर्णांक सात. मंगळवारी एक्केचाळीस शतांश. एवढ्या वेळात दगड तीन फूटसुद्धा पडत नाही. सरांनी घड्याळ बदललं, कानात कापूस घालून बघितलं, शेवटी मोबाईल काठावर टेकवून चित्रण केलं. घरी येऊन ते एकेक चित्र पुढं सरकवत बघताना त्यांच्या लक्षात आलं की दगड वरच्या पायरीजवळ असतानाच डुबुक वाजतं. मग दगड खाली जातो, पाण्यात शिरतो, वलयं भिंतीला लागून परत फिरतात. यातलं काहीही वाजत नाही.

आवाज तेवढा आधी येत होता आणि रोज दुप्पट आधी. सोळा शतांश, तेहतीस, सहासष्ट, एकशेबत्तीस. सरांनी आकडे वहीत मांडले आणि त्यांना भीतीऐवजी, खरं सांगायचं तर, आनंद झाला. आकडा नियमानं वागत होता.

बुधवारी दगड हातातच असताना विहिरीत डुबुक वाजलं. सर दचकले आणि त्या दचक्यात दगड सुटला. तो आवाज न करता बुडाला.

त्या दिवशी त्यांना वर्गातली एक मुलगी आठवली. नाव आठवत नव्हतं. तिनं विचारलं होतं, "सर, ही समीकरणं काळ उलटा घातला तरी बरोबर येतात. मग कारण आधी आणि परिणाम नंतर, हे कुठल्या समीकरणात लिहिलंय?" सर म्हणाले होते, "परीक्षेला येत नाही. बस खाली." मुलगी बसली होती. वर्ग हसला होता, सरही हसले होते.

शुक्रवारी सर ठरवून गेले. दगड हातात धरला आणि वाट बघितली. डुबुक वाजलं. आता त्यांनी दगड सोडलाच नाही. अलगद काठावर ठेवला, दोन पावलं मागं सरले आणि हाताची घडी घातली. आवाज झालाय आणि दगड इथं आहे. आता बोला, असं ते कुणाला म्हणत होते देव जाणे. तेवढ्यात सिद्धूची एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, काठावर चढली, पुढं झुकून कसलंसं पान ओरबाडलं आणि उतरताना तिचा मागचा पाय दगडाला लागला. सरांनी घड्याळ बघितलं. साडेदहा सेकंद.

पाण्यावर वलयं उठली. आवाज नव्हताच.

घरी येऊन सर जेवले नाहीत. शेळी चढली नसती तर? पण ती चढली. बारामतीहून सुटलेली एसटी भिगवणला असते तेव्हाही इंदापूर असतंच की जागच्या जागी. गाडी तिथं पोचायची राहिलेली असते, एवढंच. तसा उद्याचा दिवसही कुठंतरी आधीपासून उभाच असेल, तर मग आपण सोडलं काय आणि धरलं काय? तेहतीस वर्षं पोरांना सांगितलं की निसर्ग नियमानं चालतो. त्या नियमात आपण स्वतःही येतो, हे त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं.

पुढचा आठवडा मुजफ्फरचा. सर तिकडं फिरकले नाहीत. त्यानंतर आपली पाळी आल्यावर मंगळवारी सकाळी नऊला ते विहिरीजवळून चालले होते, तेव्हा आतून बादली आपटल्याचा आवाज आला. आत बादली नव्हती. सरांनी दिवसभर आपली बादली जपली, कडीला दोन गाठी मारल्या. दुपारी तीनला कलमांना पाणी काढताना गाठी राहिल्या दोरीला आणि बादलीची कडीच उपटून आली. बादली गेली खाली. मुकी. सहा तास.

सरांनी दगड सोडणं बंद केलं. बुधवारी बारा तास होणार, गुरुवारी एक दिवस, शुक्रवारी दोन, शनिवारी चार, हे त्यांनी वहीत लिहिलं आणि वही मिटली.

शनिवारी दुपारी बाराला पाळी सोडायची म्हणून ते मोटारीच्या खोलीला कुलूप लावायला गेले. लाईट नव्हती, त्यामुळं माळ शांत होता. विहिरीत काहीतरी जड पडलं.

बादली नव्हे, शेळीही नव्हे. आधी कपारीवर आपटल्याचा बोदा आवाज, मग पाणी फुटल्याचा. सर काठाशी धावले. पाणी आरशासारखं स्थिर होतं, त्यात त्यांचं स्वतःचं डोकं दिसत होतं आणि त्या स्थिर पाण्यातून हाक आली.

"दादाभाई!"

साऱ्या मुलखात त्यांना 'सर' म्हणत. दादाभाई म्हणणारा जगात एकच होता.

"दादाभाई! ओ दादाभाई!"

तिसरी हाक अर्धी पाण्यात बुडाली. मग धाप, खोकला, पाइपावर हात घसरल्याची करकर. मग तीही थांबली. सर काठ धरून उभे होते. त्यांना सर्वांत जास्त कशाची भीती वाटली असेल, तर मधल्या शांततेची. तीन हाका झाल्या आणि एकीलाही कुणी ओ दिली नव्हती.

चार दिवस. म्हणजे बुधवार, दुपारी बारा.

सर तसेच चालत भावाच्या दारात गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. मुजफ्फर ओसरीवर बसून स्टार्टरची वायर सोलत होता. त्याची बायको फरहत आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"बुधवारी हिरीवर जाऊ नगंस," सर म्हणाले. भिंतीकडं बघून.

मुजफ्फरनं वायर खाली ठेवली. "का? कुनाला आननार हायस मोजाया?"

"काठ ढिला झालाय."

"माज्या पाळीतच बरा ढिला झाला."

"न्हाई गेलास एक दिवस तर काय बिगडतंय?"

"बुधवारी दिवसाची लाईट हाय. डाळिंबाला पानी द्यायचंय, उरलंय तेवढ्याला." मुजफ्फर उठला. "चार वर्सांनी दारात आलास, त्ये बी पानी तोडाया. माज्या पाळीत हिरीवर दिसलास तर बग. आन् मोटार पाचचीच हाय, जाता जाता तेवढं बी बगून जा."

'मी तुझी हाक ऐकली' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. सरांच्या ओठांपर्यंत ते आले आणि तिथंच वाळले. कारण पुढं मुजफ्फरनं 'कुठं' म्हणून विचारलं असतं आणि लियाकत सरांना येड्यात काढलं असतं. हसं होण्याची भीती वाटली त्यांना. भाऊ मरणार हे ठाऊक असताना.

ते परत फिरले. मागं मुजफ्फरच्या चपला वाजल्या. तो मोटार बघायला विहिरीकडं निघाला होता.

सरांनी मग आपल्या पद्धतीनं तयारी केली. इंदापूरच्या बाजारातून शंभर फूट दोर आणला, त्याला हातभरावर गाठी मारल्या. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब फुगवून घेतली. ज्याचा आवाज आला ते घडणारच, ते मोडत नाही, हे शेळीनं शिकवलं होतं. पण पडणं म्हणजे मरणं नव्हे. हाकांना कुणी ओ दिली नाही, कारण तिथं कुणी नव्हतं. आपण तिथं असलो तर? भाऊ पडेल, हाक मारेल, आपण दोर टाकू. मरण काही ऐकू आलेलं नाही. एवढी फट नियमात आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सिद्धूला सांगितलं, "बुधवारी दुपारी शेळ्या इकडंच आण, काम आहे." काय काम ते सांगितलं नाही.

बुधवारी साडेनऊपासून सर मोटारीच्या खोलीमागं जाऊन बसले. विहीर तिथून पंधरा पावलांवर. भावाला दिसायचं नाही म्हणून भिंतीला पाठ, मांडीवर दोर, बाजूला ट्यूब. बघायची गरजच नव्हती. ऐकलं की झालं. तेहतीस वर्षांचा कान होता.

लाईट यायची होती, ती आली नाही. पावणेबाराला मुजफ्फरच्या चपला आल्या. खोकला. स्टार्टरचं बटण दोनदा दाबल्याचा टकटक आवाज. मग चपला काठाकडं गेल्या.

सरांनी दोर घट्ट धरला.

काही नाही.

एक माळचंडोल वर जाऊन ओरडत राहिला. लांब रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. बारा झाले. सव्वाबारा. चपला परत गेल्याचं सरांना ऐकू आलं नाही, पण पायवाट मऊ मातीची होती. लाईट नाही म्हणून जेवायला गेला असेल. साडेबाराला त्यांच्या छातीवरचा भार हलका व्हायला लागला. गणित चुकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गणित चुकल्याचा त्यांना आनंद होत होता, इतका की डोळे भरून आले. आज संध्याकाळी जाऊ, असं त्यांनी ठरवलं. भावाच्या ओसरीवर बसू, चहा मागू, मोटारीची माफी मागू.

शेळ्यांच्या घंट्या आल्या. सिद्धू पाणी बघायला काठाशी गेला.

"सर!" त्याचा आवाज फाटला. "अवो सर, मुजफ्फरभाई हाय आत!"

सर उठले आणि त्या उठण्यातच त्यांना कळलं.

भावाच्या पडण्याचा आवाज येऊन गेला होता. शनिवारीच.

दगड मुके बुडत होते. बादली मुकी बुडाली. स्वतःच्या डोळ्यांनी वलयं बघितलेला माणूस पंधरा पावलांवर कान लावून बसला होता.

मुजफ्फर पाइपाला लटकलेला होता. कपाळ फुटलं होतं, हनुवटीपर्यंत पाणी. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. वर काहीच पोचत नव्हतं.

सर दोर घेऊन पायऱ्या उतरले. "धर! सोडू नगंस! आलो मी, आलो रे!"

त्यांच्या स्वतःच्या कानांनाही ते ऐकू आलं नाही. घसा फाटेल एवढं ओरडत होते. छाती हलत होती, ओठ हलत होते, दगडी भिंतीवरून काहीही परत येत नव्हतं.

मुजफ्फरनं वर बघितलं. भावाकडं, सरळ. चार वर्षांत पहिल्यांदा दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलत होते.

तीन पायऱ्या राहिल्या होत्या.

हात सुटला.

पाणी मिटलं.

सिद्धूनं नंतर चावडीवर सांगितलं, "सर निस्तं तोंड उघडत व्हते वो. एवढा भाव बुडतोय आन् माणसाच्या तोंडातनं एक शबुद न्हाई." लोकांनी ऐकलं. पंधरा पावलांवर दोर घेऊन बसलेला माणूस अर्धा तास उठला नाही, हेही ऐकलं. पोलीस चौकशी झाली; मेलेल्याच्या फुफ्फुसात पाणी आणि कपाळावर कपारीची खूण, यापलीकडं काही निघालं नाही. दफनाला सर मागच्या रांगेत उभे होते. त्यांच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली.

तिसऱ्या दिवशी, कबरीवर जियारतीची दुआ उरकून माणसं पांगल्यावर, सर भावाच्या ओसरीवर आले. शिव्या ऐकायच्या तयारीनं आले होते. त्यांना शिव्या हव्याच होत्या. फरहत दाराआड बसली होती.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी शनवारी येऊन गेलाव, तवाच घरधनी मोटार बगाया गेलती. परत आली त्ये एकदम गप. जेवली न्हाईत. मला म्हनली, हिरीतनं दादाभाईचा आवाज आला."

सरांनी ओसरीचा खांब धरला.

"म्हनली, वाकून बगितलं तर कुनीच न्हाई. पर आवाज त्येचाच. धर म्हनतोय, सोडू नगंस म्हनतोय, आलो म्हनतोय. रडत व्हता म्हनली." तिनं पदर डोळ्यांना लावला. "तवापसनं रोज बाराच्या टायमाला जायची. फिरून आवाज येतोय का म्हनून काठावर ओणवी व्हऊन बसायची. मी म्हनलं, नका जाऊ, काठ ढिला झालाय, भावजीनं सांगितलंय. तर म्हनली, काठाला काय बी झालेलं न्हाई. दादाभाई कुनालातर वाचवतोय त्यात. कुनाला, त्येवढं कळंना. नावच घेतलं न्हाई."

आत कुणीतरी भांडी घासत होतं.

"बुधवारी जाताना म्हनली, आज जरा आनखी वाकून ऐकतो. नाव घेतलं तर कळंल, कुनासाठी एवढा रडतोय."